आरसा आणि खिडकी
(जोतिबाच्या गुलालांत दोन कॅमेऱ्यांची तुलना)

यंत्रांचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे जुनें तें टाकाऊ व नवें तें ग्राह्य, असा एक सोपा समज लेखकाच्या आणि वाचकाच्याहि मनांत नकळत शिरतो. समई गेली, विजेचा दिवा आला. बैलगाडी गेली, मोटार आली. ही मालिका इतकी परिचयाची झाली आहे कीं, प्रत्येक नवें यंत्र हें मागच्या यंत्राचा वारस व त्याहून सरस असलेंच पाहिजे, असें आपण गृहीत धरून चालतों. कॅमेऱ्याचा इतिहास या गृहीतास अनुकूल नाहीं. त्यांत वारसा सरळ रेषेनें उतरत नाहीं. आजोबांचें नाक मुलास चुकवून नातवाच्या चेहऱ्यावर उमटावें, त्याप्रमाणें पन्नास वर्षांपूर्वीं मागें पडलेलें एखादें अंग नव्या यंत्रांत एकाएकीं प्रकट होतें. हें कसें घडतें तें दोन कॅमेऱ्यांच्या तुलनेनें दाखवावें, आणि ती तुलना प्रयोगशाळेंत न करतां जोतिबाच्या डोंगरावर, चैत्री यात्रेच्या गुलालांत करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जोतिबाचें स्थान कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १८ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यांतील वाडी रत्नागिरी या गांवीं आहे. मूळचें लहानसें देऊळ नावजी साया नांवाच्या भक्तानें बांधलें असें परंपरा सांगते. त्या जागीं सध्यांचें मुख्य देवालय राणोजी शिंदे यांनीं १७३० मध्यें उभारलें, व शेजारचें केदारेश्वराचें देवालय दौलतराव शिंदे यांनीं १८०८ मध्यें बांधलें. महाराष्ट्रांतील आणि उत्तर कर्नाटकांतील असंख्य घराण्यांचा हा कुलस्वामी. चैत्र पौर्णिमेस येथें जी यात्रा भरते, तींत गांवोगांवच्या सासनकाठ्या येतात. तीस फुटांवर उंच असा कळक, त्यावर रंगीत वस्त्रें, आणि तोल सांभाळण्याकरितां चहूं बाजूंनीं ताणून धरलेल्या दोऱ्या, असें तिचें रूप असतें. हलगी कडाडूं लागली व काठी नाचूं लागली कीं ‘चांगभलं’चा गजर होतो, आणि गुलाल व खोबरें यांची उधळण सुरू होते. दवण्याचा वास, चैत्राचें ऊन आणि हवेंत तरंगणारी ती तांबडी-गुलाबी पूड यांनीं डोंगर भरून जातो. पायऱ्या, दीपमाळा, फेटे, भुवया, सर्व एका रंगाचें होतें. जो कोणी कॅमेरा घेऊन तेथें जाईल त्याच्या यंत्राची परीक्षा एकाच दिवशीं तीन परीक्षक घेतात: ऊन, रंग आणि धूळ. इतके कठोर परीक्षक एकत्र मिळणें दुर्मिळ. म्हणूनच तुलनेसाठीं आम्हीं हें स्थळ निवडलें.

या निवडीस दुसरेंहि कारण आहे. कॅमेरा ही वस्तु कोल्हापुरास केवळ बाजारांतून मिळालेली नाहीं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्यें पडद्यावर आल्यानंतर आनंदराव व बाबूराव पेंटर या चुलतबंधूंनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्यें निवर्तले. परंतु बाबूरावांनीं काम सोडलें नाहीं. दामल्यांसारख्या सहकाऱ्यांच्या मदतीनें त्यांनीं यंत्र सिद्ध केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ लोकांपुढें आणला. तिच्याच शिष्यशाखेंतून १९२९ मध्यें कोल्हापुरांतच ‘प्रभात’चा जन्म झाला. जोतिबाच्या डोंगरापासून हांकेच्या अंतरावरील या शहरांत कॅमेऱ्याचें पोट उघडून पाहणारी माणसें एके काळीं होतीं, ही गोष्ट पुढील विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां दोन यंत्रांकडे वळूं. जुन्या पक्षाचा प्रतिनिधि म्हणून आम्ही निकॉन कंपनीचा डी-९० हा २००८ सालचा डीएसएलआर घेतों, आणि नव्या पक्षाचा म्हणून फुजीफिल्म कंपनीचा एक्स-१०० व्ही हा २०२० सालचा, मोठा सेन्सर असलेला लहान कॅमेरा घेतों. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हा दुसरा कॅमेरा बाजारांत आला, त्याच वर्षीं टाळेबंदीमुळें डोंगरावरची चैत्री यात्रा भरलीच नाहीं.

डीएसएलआरचें हृदय म्हणजे आरसा. लेन्समधून आंत आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जातो, आणि पंचकोनी लोलकांतून सुलटा होऊन छायाचित्रकाराच्या डोळ्यास मिळतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर उघडतें, व तोच प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. या रचनेचा ३५ मि.मी. फिल्मवरील पहिला प्रसिद्ध कॅमेरा ‘किने एक्झाक्टा’ १९३६ मध्यें जर्मनींतील ड्रेस्डेन येथें निघाला. १९४९ च्या ‘कॉन्टॅक्स एस’नें लोलक आणला, १९५४ च्या एका जपानी असाहीफ्लेक्सनें चित्र घेतल्यावर आरसा तत्काळ खालीं येण्याची सोय केली, आणि १९५९ च्या ‘निकॉन एफ’मध्यें या सर्व गोष्टी एकत्र येऊन वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचें नित्याचें हत्यार तयार झालें. तत्पूर्वीं राज्य दुसऱ्याच जातीचें होतें. १९२५ मध्यें लाइपझिगच्या जत्रेंत मांडलेल्या ‘लायका’मध्यें आरसा नव्हता. लेन्सच्या वरच्या अंगास एक स्वतंत्र खिडकी होती. तिच्यांतून डोळा जग पाही आणि लेन्स आपलें काम निराळें करी. म्हणजे आरसा आणि खिडकी यांचा झगडा नवा नसून जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. १९५९ नंतर आरसा जिंकला एवढेंच.

पुढें फिल्म गेली, तरी आरसा राहिला. १९९१ मध्यें कोडॅक कंपनीनें निकॉन एफ-३ च्या अंगांत १३ लाख बिंदूंचा सेन्सर बसविला. त्याची चित्रें साठविणारी पेटी मात्र वेगळी खांद्यास अडकवून हिंडावी लागे. १९९९ मध्यें निकॉन डी-१ आला. २००३ मध्यें कॅननच्या ३००-डीची किंमत हजार डॉलरांखालीं उतरली आणि डीएसएलआर मध्यमवर्गीय घरांत शिरला. २००८ चा डी-९० हा त्या भरभराटीचा प्रतिनिधि होय. १ कोटी २३ लाख बिंदूंचा हा यंत्रराज चलच्चित्र टिपणारा पहिलाच डीएसएलआर ठरला. ज्या करामतीसाठीं बाबूराव पेंटरांनीं वर्षें घालविलीं, ती आतां एका बटणांत आली.

या कॅमेऱ्याचा मोठेपणा कशांत होता? त्याच्या सेन्सरच्या क्षेत्रफळांत. डी-९० चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मि.मी., म्हणजे सुमारें ३७३ चौरस मि.मी. आहे. त्या काळच्या खिशांतल्या सामान्य कॅमेऱ्यांचा सेन्सर २५ ते ३० चौरस मि.मी. असे. मोठ्या परातींत पावसाचें पाणी अधिक सांठतें, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश अधिक पडतो. त्यामुळें अंधुक जागीं चित्र स्वच्छ येतें. पण या मोठेपणासाठीं वजन पत्करावें लागे. आरसा उचलला जाण्यास जागा हवी म्हणून निकॉनच्या या घराण्यांत लेन्सचें बसण्याचें कडें सेन्सरपासून ४६.५ मि.मी. दूर ठेवलें आहे. त्यामुळें रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सची घडण गुंतागुंतीची व आकार मोठा होतो. डी-९० चें अंग बॅटरीवांचून ६२० ग्रॅम, आणि त्याबरोबर मिळणारी १८–१०५ मि.मी.ची लेन्स ४२० ग्रॅम. मिळून किलोभराहून अधिक ओझें गळ्यांत येतें.

मग कोणी तरी असा प्रश्न केला कीं, सेन्सर तेवढाच ठेवून आरसाच काढून टाकला तर? २००८ मध्यें सिग्माच्या डीपी-१ नें या प्रश्नास उत्तर दिलें. २०११ मध्यें फुजीचा एक्स-१०० आला, २०१२ मध्यें सोनीच्या आरएक्स-१ नें पूर्ण ३६ बाय २४ मि.मी.चा सेन्सर लहान अंगांत बसविला, आणि २०१३ च्या रिकोह जीआरनें वजन २४५ ग्रॅमपर्यंत उतरविलें. आरसा नाहीं म्हणून लेन्सचें मागचें भिंग सेन्सरच्या अगदीं निकट येऊं शकतें. लेन्स कायमची बसविलेली म्हणून दोघांची घडण एकमेकांस बेतून करतां येते. एक्स-१०० व्हीचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मि.मी., म्हणजे डी-९० एवढाच आहे. बिंदु मात्र २ कोटी ६१ लाख, आणि वजन बॅटरीसकट ४७८ ग्रॅम. शिवाय त्याच्या कोपऱ्यांत लायकाच्या घराण्याची ती खिडकी पुन्हां बसली आहे. आजोबांचें नाक नातवास आलें, असें आरंभीं म्हटलें तें यासाठींच.

आतां दोघांस डोंगरावर नेऊं.

पहिला प्रश्न क्षणाचा. काठीखालीं उभा असलेला तरुण मुठीनें गुलाल वर भिरकावतो. तो ढग उमलतो तें चित्र हवें आहे. डीएसएलआरच्या भिंगांतून दिसणारें दृश्य लेन्सचें अस्सल दृश्य असतें, हा त्याचा मोठा गुण. परंतु बटण दाबतांच आरसा वर जातो आणि डोळ्यापुढें अंधार होतो. म्हणजे जो क्षण चित्रांत आला, नेमका तोच छायाचित्रकारानें पाहिलेला नसतो! खिडकीच्या कॅमेऱ्यांत असें होत नाहीं. चौकटीच्या उजळ रेषा खिडकींत तरंगत असतात, त्यांच्या बाहेरचेंहि थोडें जग दिसतें, म्हणून डावीकडून येणारी काठी चौकटींत शिरण्यापूर्वींच कळते. उलट खिडकीचें दृश्य हें लेन्सचें दृश्य नव्हे. वस्तु जवळ आली कीं दोहोंत फरक पडतो. त्यावर उपाय म्हणून याच खिडकींत विजेचा इवलासा पडदाहि आणतां येतो. पण पडदा म्हणजे सेन्सरनें पाहून आपणांस सांगितलेली गोष्ट, प्रत्यक्ष प्रकाश नव्हे. सारांश, दोन्ही यंत्रें कांहीं तरी झांकतात. एक क्षण झांकतें, दुसरें अचूकपणा झांकतें.

दुसरा प्रश्न रंगाचा. सेन्सरच्या बिंदूंस मुळांत रंग दिसत नाहीं. प्रत्येक बिंदूवर तांबडें, हिरवें किंवा निळें गाळणें असतें. नेहमींच्या रचनेंत चार बिंदूंपैकीं दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा असतो. कारण मनुष्याचा डोळा हिरव्याच्या आसपास अधिक तीक्ष्ण आहे. गुलालाच्या ढगांत हिरवा प्रकाश फार थोडा. तेव्हां निम्मा सेन्सर जवळजवळ उपाशी राहतो, आणि तांबडा भाग मात्र तुडुंब भरून वाहूं लागतो. एकूण उजेड मापणारें मापक म्हणतें ठीक आहे. पण घरीं येऊन पाहावें तों फेट्यावरील गुलालाचे कण नाहींसे होऊन एक सपाट गुलाबी डाग उरलेला असतो. नव्या सेन्सरला उजेड व सावली यांचा अधिक विस्तार सोसतो, आणि पडद्यावर प्रत्येक रंगाचा आलेख चित्र घेण्यापूर्वींच पाहतां येतो. ही मोठीच सोय होय. मात्र गाळण्यांच्या वांटणींत नवा कॅमेरा पुढें नाहीं. त्याच्या ३६ बिंदूंच्या नक्षींत २० हिरवे व केवळ ८ तांबडे आहेत, म्हणजे तांबड्याचा वांटा जुन्याहून थोडा कमीच. जुन्या कॅमेऱ्यावर जुना उपाय लागू पडतो: प्रकाश मुद्दाम थोडा कमी घ्यावा व पहिलें चित्र तपासून मगच पुढें जावें.

तिसरा प्रश्न उजेडाचा, आणि त्याचीं दोन टोकें आहेत. दुपारीं सूर्य माथ्यावर असतांना फेट्याखालीं डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेथें फ्लॅशचा थोडा उजेड हवा. डी-९० चें पडदेवजा शटर फ्लॅशबरोबर १/२०० सेकंदापर्यंतच नीट जुळतें. एवढ्या उन्हांत त्या वेगास लेन्सचें छिद्र एफ-१६ पर्यंत मिटवावें लागतें आणि फ्लॅशचें तेज वाया जातें. नव्या कॅमेऱ्याचें शटर लेन्सच्या आंत पाकळ्यांप्रमाणें उघडणारें असल्यानें १/१००० सेकंदासहि फ्लॅश जुळतो. छिद्र एफ-७ च्या आसपास ठेवतां येतें, व तेवढाच फ्लॅश दुपटीहून अधिक दूर पोंचतो. सायंकाळीं पालखी यमाईच्या देवळाकडे जाते आणि उजेड उतरत जातो, तेव्हां नव्याची एफ-२ ची लेन्स जुन्या झूम लेन्सच्या तिपटीहून अधिक प्रकाश आंत घेते. पण येथेंच जुन्याचें बलस्थान दिसतें. त्याची लेन्स काढून २००९ सालची ३५ मि.मी., एफ-१.८ ची लहानशी लेन्स लावली, तर ही उणीव बरीचशी भरून येते. जुन्या कॅमेऱ्यास दुसरा डोळा लावतां येतो. नव्यास जन्मतः मिळालेल्या एकाच डोळ्यावर आयुष्य काढावें लागतें.

त्या एका डोळ्याची मर्यादा उंचीच्या बाबतींत स्पष्ट होते. जुन्या गॅझेटियरांत मुख्य देवालयाची उंची शिखरासह ७७ फूट दिली आहे. नव्या कॅमेऱ्याच्या २३ मि.मी. लेन्सनें, कॅमेरा उभा धरून व वर कलवून, पायथ्यापासून कळसापर्यंत सर्व चौकटींत घ्यावयाचें तर सुमारें ५६ फूट मागें सरावें लागेल. जुन्याच्या १८ मि.मी.नें ३४ फुटांवरूनहि तें साधतें. यात्रेच्या दिवशीं देवळाच्या आवारांत बावीस फूट मागें सरणें म्हणजे काय, हें ज्यानें ती गर्दी पाहिली आहे त्यास सांगावयास नको.

चौथा प्रश्न धुळीचा. येथें लोकांचा समज बहुधा उलटा असतो. लेन्स न निघणारा कॅमेरा धुळीपासून सुरक्षित असें वाटतें. डीएसएलआरची लेन्स गुलालांत बदलली तर सेन्सरवर पूड बसणारच. पण ती न बदलल्यास धोका पुष्कळ कमी होतो, आणि पूड बसलीच तर लेन्स काढून, आरसा वर उचलून ती साफ करतां येते. लहान कॅमेऱ्यांपैकीं ज्यांची लेन्स चालू करतांच नळीसारखी पुढें येते, ते पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें बाहेरची हवा आंत ओढतात. आणि एकदां कण आंत गेला कीं सबंध कॅमेरा उकलल्यावांचून तो निघत नाहीं. एक्स-१०० व्हीच्या लेन्सपुढें निराळें कडें व फिल्टर बसविला तरच तो धूळपाण्यास दाद देत नाहीं, असें खुद्द कारखानदार सांगतो. हें कडें न घेतां चैत्रांतल्या गुलालांत किंवा अवचित येणाऱ्या वळवांत उतरणें शहाणपणाचें नव्हे.

येथवर यंत्रांचें झालें. पण ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला ती यंत्राबाहेरची आहे. १०५ मि.मी.च्या लेन्सनें दूर ओवरीच्या कट्ट्यावर उभें राहून एखाद्या म्हातारीचा गुलालानें माखलेला, नवस फेडतांना पाणावलेला चेहरा टिपतां येतो, आणि तिला त्याची वार्ताहि नसते. २३ मि.मी.च्या लेन्सनें तोच चेहरा हवा असेल तर दोन पावलांवर जावें लागतें. तिच्या नजरेस नजर द्यावी लागते. बहुधा चार शब्द बोलावे लागतात, आणि तिच्या हातचा गुलाल आपल्याहि कपाळास लागतो. पहिल्या चित्रांत ती दृश्य असते, दुसऱ्यांत ती माणूस असते. लहान कॅमेरा आपोआप सभ्यता शिकवितो असें मात्र कोणी समजूं नये. त्याचें शटर इतकें मूक असतें कीं चोरून चित्र घेण्यास तोच अधिक सोयीचा. जवळ जाणें तो भाग पाडतो. विचारणें भाग पाडीत नाहीं. तें काम माणसानेंच करावयाचें आहे.

आतां निर्णय. आरशाचें राज्य संपत आलें आहे, यांत शंका नाहीं. डीएसएलआरची विक्री २०१२ च्या सुमारास शिखरास पोंचली व नंतर घसरत गेली. कॅनननें २०२१ मध्यें आपला शेवटचा अग्रगण्य डीएसएलआर येऊन गेल्याचें जाहीर केलें. परंतु राज्य संपणें वेगळें आणि उपयोग संपणें वेगळें. ज्या घरीं डी-९० सारखा कॅमेरा चालू स्थितींत आहे, त्यांनीं तो मोडीत काढूं नये. १९५९ पासून चालत आलेल्या कड्यास बसणाऱ्या कित्येक लेन्स त्यास लागतात. अंग मोडलें तरी लेन्स उरते, लेन्स बिघडली तरी अंग उरतें. नव्यांत दोघांचें जन्ममरण एकत्र बांधलेलें आहे. ज्यास देवालय, शिखर, काठ्यांची रांग व दूरचा डोंगर हवा, त्यानें जुना घ्यावा, रुंद लेन्स घरूनच लावून निघावें, आणि डोंगरावर ती काढूं नये. ज्यास काठीखालचा माणूस हवा, त्यानें नवा घ्यावा, पुढें कडें व फिल्टर बसवावा, आणि पांढरा सदरा गुलाबी करून घेण्याची तयारी ठेवावी. स्वतः यंत्र घडविणाऱ्यांच्या शहरास एवढा विवेक कठीण जाऊं नये.

एक उणीव मात्र दोघांचीहि सारखीच आहे. चित्र घेतल्याचा सेकंद, शटरचा वेग, छिद्राचें माप, हें सर्व दोन्ही कॅमेरे बिनचूक लिहून ठेवतात. काठी कोणत्या गांवची होती, ती कोणीं पेलली होती, आणि त्या म्हातारीचें नांव काय, हें दोहोंपैकीं एकहि लिहीत नाहीं. शंभर वर्षांनीं डोंगराचा इतिहास लिहिणाऱ्यास शटरच्या वेगाशीं कांहीं कर्तव्य असणार नाहीं. त्यास गांव आणि माणूस हवा असेल. तेव्हां यात्रेहून परतल्यावर गुलाल झटकण्यापूर्वींच निदान गांवांचीं नांवें तरी चित्रांशेजारीं लिहून ठेवावीं, आणि ज्यांचे चेहरे आणले त्यांस एकेक प्रत पोंचती करावी.